धुऊन परत केलेला डबा

शेफने पहिल्यांदा तो डबा माझ्या हातात दिला तेव्हा मला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. रविवारची दुपार होती. जेवणाची गर्दी ओसरली होती आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर पुढच्या आठवड्याचं मेन्यूकार्ड लिहीत बसले होते. ती किचनमधून आली, एप्रनला हात पुसले आणि पत्र्याचा एक गोल, हिरवा, कडेला गंज धरलेला डबा माझ्यासमोर ठेवला. आत ब्रेड होता, अजून कोमट.

"तुझ्या आईसाठी," ती म्हणाली. "उद्या तुझी सुट्टी ना? डबा मात्र परत आण. माझ्या आईचा आहे तो."

दुबई मरीनातलं ते आयरिश रेस्टॉरंट. बाहेर तशी पाटी असली की लोकांच्या डोळ्यांसमोर बिअर आणि भिंतीवरची मॅच येते, आणि आमच्याकडेही ते होतंच. पण किचन शेफचं होतं. ती साठीला टेकलेली, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातली. तिचा एकच हट्ट होता. पदार्थ तिच्या आईच्या चुलीवरचे असायचे आणि जिन्नस इथल्या मातीतले, इथल्या पाण्यातले. बटाटे आणि कोबी अल ऐनच्या शेतांतून यायचे, मासे सकाळी बंदरावरून. ब्रेडसाठी ताक लागायचं, तिथे ती इथलं अरबी ताक, लबन, वापरायची. विमानाने काही मागवायचं म्हटलं की ती म्हणायची, माझ्या आजीने कधी काय मागवलं होतं?

माझं काम ऑफिसचं. बुकिंग, फोन, फोटो, आणि मेन्यूकार्डवर प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळी. कोबी कुठल्या शेतातला, मासा कुणी पकडलेला, त्या माणसाचं काम किती कष्टाचं. त्या ओळी मला चांगल्या जमायच्या. चारचौघांत बोलायला मी कचरते, इंग्रजीत लिहायला नाही. इंग्रजीत मी कशालाही छान करून दाखवू शकते. म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे.

घरी, म्हणजे शारजात, आईने ब्रेड आधी हुंगला. मग उलटा करून त्याच्या तळाशी टिचकी मारली, आणि मग कापला.

"यीस्ट नाही यात. सोडा आहे," ती म्हणाली. "ताक आंबट होतं. आणि बाईचा हात सढळ आहे."

आईला हे कळणं साहजिक होतं. बाबा शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत, आणि तिथल्या नऊ बॅचलर माणसांचे डबे आई गेली कित्येक वर्षं करते. रत्नागिरीकडची, गुहागरकडची माणसं. त्यांच्यातल्या कुणाला तिखट चालत नाही आणि कुणाला वांगं, हे तिला माझ्या वाढदिवसाइतकं पाठ आहे.

बाबांनी ब्रेड चहात बुडवून खाल्ला आणि विचारलं, अजून काय करते ती. मी कोलकॅनन सांगितलं. उकडलेला बटाटा घोटायचा, त्यात शिजवलेला कोबी आणि कांद्याची पात, मध्ये खळगा करून लोणी. आईने किंमत विचारली. पंचावन्न दिरहम.

"म्हणजे तेराशे रुपये," आई म्हणाली. "कोबीबटाट्याला?" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "लोणी चांगलं असणार पण."

मंगळवारी मी निघाले तेव्हा डबा टेबलावर तयार होता, आणि तो जड होता. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. शेजारून भाजी आली की वाटी चार दिवस राहील पण जाताना तिच्यात काहीतरी असेल, निदान चिमूटभर साखर. डब्यात घावनं होती आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. चटणी चीझच्या जुन्या बाटलीत भरली होती. बाटलीवरचं लेबल अर्धं खरवडलेलं होतं.

शारजाहून बस, मग मेट्रो, असा माझा दीड तासाचा प्रवास. मरीनाच्या स्टेशनबाहेर येऊन मी एका बाकावर बसले आणि झाकण उघडलं. वाफेने घावनं एकमेकांना चिकटली होती. चटणीतलं थोडं तेल बाटलीच्या बाहेर आलं होतं. मी ते सगळं शेफच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तेव्हा मला वाटलं की ते शेफचे डोळे आहेत. मग मनात वेटर मुली दिसल्या, त्यांच्या सरळ केसांसकट, आणि मॅनेजर दिसला, जो जेवायला सॅलड आणायचा. सगळे डब्यात वाकून बघत होते आणि मला विचारत होते, हे काय आहे, आणि मी समजावून सांगत होते. समजावून सांगणं मला शाळेपासून नको वाटतं.

मी दोन घावनं खाल्ली. उरलेली चटणीसकट कचऱ्याच्या पेटीत टाकली. स्टेशनच्या वॉशरूममध्ये गुलाबी हँडसोपने डबा धुतला, टिश्यूने कोरडा केला, वास घेऊन पाहिला आणि शेफला नेऊन दिला. तिने झाकण उघडून आत पाहिलं. क्षणभर थांबली. "चकचकीत केलास की," म्हणाली आणि डबा शेल्फवर ठेवला.

संध्याकाळी आईने दारातच विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, आवडलं.

"आवडलं म्हणजे काय आवडलं?"

जिला नऊ माणसं रोज डबे परत करतात, तिला 'आवडलं' पुरत नाही. तेव्हा मी सांगितलं की शेफने घावन उजेडासमोर धरून पाहिलं आणि इतकी जाळी कशी पडते असं विचारलं. हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मीच चकित झाले. त्या रात्री भांडी घासताना आई गुणगुणत होती.

दर रविवारी ब्रेड यायचा आणि दर मंगळवारी डबा भरून निघायचा. तांदळाची सांदणं, कुळथाची पिठी, अळूवडी, एकदा नुसते भाजलेले काजूगर. सांदणं मी बाकावर बसून संपवली. पिठी टाकली. अळूवडी पेटीत टाकताना एक माणूस माझ्याकडे पाहत होता, म्हणून मी ती टाकली नाही, पुढच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि तिथे टाकली. प्रत्येक वेळी डबा धुतला. प्रत्येक मंगळवारी संध्याकाळी माझ्या तोंडून शेफ काहीतरी म्हणाली. मी तिला बोलकी केली. अळूवडी पाहून तिला तिच्या आजीची आठवण आली, पिठी पिऊन तिची सर्दी गेली, असं मी सांगत गेले. गिऱ्हाईकं नेटवर आमच्याबद्दल जे लिहायची ते रोज वाचणं माझं काम होतं, तिथली वाक्यं मराठीत करून मी आईला द्यायचे.

आईला शारजात बावीस वर्षं झाली. समोरच्या फ्लॅटमधली केरळी बाई गावी परत गेल्यापासून तिच्याकडे कुणी येत-जात नव्हतं. एक दिवस मी तिला फोनवर मावशीशी बोलताना ऐकलं. "आमची आयरिश मॅडम आहे ना, तिला अळू फार आवडलं. नाही गं, भेटले नाही अजून. पण डब्यातून ओळख झाली. माणसाचा हात कळतो." मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तेव्हा थांबता आलं असतं.

डबा सुरू झाल्यापासून पाचव्या आठवड्यात शेफने बांगडा करायला घेतला. तिच्या गावी बांगडा ओटच्या पिठात घोळवून तव्यावर भाजतात आणि बरोबर एका आंबट हिरव्या फळाची चटणी देतात. ते फळ इथे मिळत नाही आणि ती मागवणार नाही. तिने लिंबू घालून पाहिलं, चिंच घालून पाहिली, कैरीचा मोसम नव्हता. सकाळच्या मीटिंगला तिने सगळ्यांना विचारलं की तुमच्या घरी तेलकट माशाला आंबट काय घालतात. फिलिपिनो वेटरने काहीतरी सांगितलं, केरळच्या स्टुअर्डने कुडमपुळी, म्हणजे मलबारी चिंच, सांगितली. माझी पाळी आली. मी म्हणाले, आमच्याकडे मासे फारसे होत नाहीत.

हे मी रत्नागिरीच्या माणसांची मुलगी असून म्हणाले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोकम म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आण ना थोडी, कसं करतात ते दाखव ना. आणि आदल्याच दिवशी घरी मी बोलता बोलता आईला शेफची ही अडचण सांगून बसले होते. त्यामुळे त्या दिवशीच्या डब्यात, जो मी तासाभरापूर्वी रिकामा केला होता, आईने पहाटे उठून केलेलं बांगड्याचं तिखलं होतं, कोकम घालून, मिरची मुद्दाम कमी करून. शेफ शोधत होती ते स्टेशनबाहेरच्या पेटीत पडलं होतं, आणि माझ्या बोटांना हँडसोपखाली अजून त्याचा वास होता.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की शेफने तिखलं चाखलं आणि म्हणाली, हेच मी शोधत होते. एवढं एकच वाक्य खरं निघालं असतं.

अजून दोन रविवार ब्रेड आला. त्यानंतरच्या रविवारी आला नाही. मी उगाचच किचनच्या दारात घुटमळले. हिरवा डबा शेल्फवर होता. शेफ नेहमीसारखी बोलली, नेहमीसारखी हसली, आणि मला डबा दिला नाही. पुढच्या रविवारीही तेच.

आईला मी सांगितलं की तिला फार काम आहे. आई म्हणाली, काम तर तिला पहिल्यापासूनच होतं. तिचं काही दुखावलं का, आपण काही चुकीचं पाठवलं का, बांगड्यात काटा निघाला का, असं ती दोन दिवस विचारत राहिली. तिसऱ्या रविवारी मी मरीनातल्या सुपरमार्केटमधून एक गव्हाचा ब्रेड विकत घेतला, पाकीट काढून फेकलं, बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि घरी नेला. डबा किचनमध्ये विसरला असं सांगितलं.

आईने ब्रेड हुंगला. उलटा केला. टिचकी मारली. एक तुकडा तोडून बराच वेळ चावत राहिली.

"हा तिने नाही केलेला," ती म्हणाली. "हात बदलला."

मी बटर पेपरची घडी घालत राहिले.

"आजारी आहे ना ती? दुसऱ्या कुणाकडून करून घेतला आणि तरी पाठवला. तीन आठवडे झाले, मला वाटलंच होतं." आणि मी, समोर पडलेली पहिली वाट धरून, म्हणाले, हो, बरं नाहीये तिला.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी काउंटरवर फोन घेत होते. काचेच्या दरवाजातून आई आत आली. अंगावर लग्नकार्याचा पंजाबी ड्रेस, हातात कापडी पिशवी, पिशवीत मोठा थर्मास. बाबांनी वर्कशॉपच्या पिकअपमधून आणलं होतं. पार्किंग मिळेना म्हणून आणि कामाच्या कपड्यांत होते म्हणून ते खालीच थांबले होते. आईच्या मते यात न समजण्यासारखं काही नव्हतं. एक बाई परक्या मुलखात एकटी राहते, तीन आठवडे तिला बरं नाही, तिला कुणीतरी पेज द्यायला नको का? तिने उकड्या तांदळाची पेज केली होती, आणि बरोबर लिंबाचं मुरलेलं लोणचं. पत्ता तिने बाबांच्या फोनवर शोधून घेतला होता.

मी म्हटलं, ती आज आली नाहीये. तेवढ्यात शेफ किचनचं दार पाठीने ढकलून, दोन्ही हातांत स्टॉकचं पातेलं घेऊन बाहेर आली.

आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तर ठणठणीत आहे," ती मला मराठीत म्हणाली.

"आता बरी झालीय," मी म्हणाले.

शेफने विचारलं, या कोण. मग मी सांगितलं, माझी आई. शेफचा चेहरा थोडा आखडला, हे मी पाहिलं, आणि मगच हसला. आईने थर्मास पुढे केला. मी इंग्रजीत म्हणाले की आई इथून चालली होती, सहज काहीतरी घेऊन आली आहे. शेफने पातेलं खाली ठेवलं आणि आम्हाला आत बोलावलं.

किचनमधलं स्टीलचं टेबल मोकळं होतं. शेफने स्वतः वाडगा घेतला, पेज ओतली, उभ्याउभ्याच एक चमचा खाल्ला. मग स्टूल ओढून बसली. माझ्या आजीकडे ओटची अशीच असायची, ती मला म्हणाली, आजारपणात, हे सांग तुझ्या आईला. मी सांगितलं. इतक्या आठवड्यांत आईला मी दिलेला तिचा तो पहिला खरा निरोप होता, आणि आई त्यावर जराशीच हसली, कारण याहून कितीतरी मोठी कौतुकं मी तिला आधीच ऐकवून ठेवली होती.

मला वाटत होतं की दोघींच्या मध्ये फक्त मी आहे. आईला इंग्रजी जेमतेम, शेफला मराठी शून्य. दहा मिनिटं सांभाळली की झालं. किचन हिंदी बोलतं हे मी विसरले होते.

तिथला मोठा कुक गढवालचा, पन्नाशीचा, शेफच्या हाताखाली सुरुवातीपासूनचा. तो कांद्याची पात चिरत होता. आईने त्याच्याकडे वळून तिच्या हिंदीत विचारलं, "भैया, मॅडम को मच्छी पसंद आया था ना? वो कोकम डालके खट्टावाला?"

"कौनसी मच्छी, दीदी?"

"डिब्बे में भेजा था मैंने. हरा डिब्बा."

"डिब्बा तो हर बार धुला हुआ आता था," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, तो फक्त खरं सांगत होता. "मेरे सामने ही तो मॅडम खोलती थीं. उसमें कभी कुछ नहीं आया."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते अजून आठवतं, की तिने पाहिलं नाही. ती टेबलावर पडलेला लोणच्याचा एक थेंब बोटाने पुसत होती. तो पुसून झाल्यावर म्हणाली, "अच्छा. फिर मेरा ही गडबड हो गया होगा. डब्बे बहुत होते हैं ना मेरे यहां. दूसरे घर चला गया होगा."

शेफने कुकला विचारलं, काय चाललंय. त्याने इंग्रजीत सगळं सांगितलं, डबे चुकून दुसऱ्या घरी गेले हेसुद्धा. शेफने पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरला होता. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी सिंकमध्ये थेंब थेंब गळणाऱ्या नळाकडे.

आईने शेफला हात जोडले, थर्मास पिशवीत घातला आणि म्हणाली, बाबा खाली थांबलेत, वर्कशॉपला उशीर होईल. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला निघाले तर म्हणाली, "नको. तुझी ड्यूटी आहे."

शिफ्ट संपायच्या आधी शेफने मला मागच्या दाराशी बोलावलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं की तिच्या गावातही भांडं रिकामं परत देत नाहीत. एक अंडं, दोन बटाटे, काहीतरी असतंच. तीन वेळा भांडं रिकामं आलं की समजायचं, त्या घराला आपण नको आहोत, आणि थांबायचं.

"मी सात वेळा वाट पाहिली," ती म्हणाली. "दोन महिने मी तुझ्या आईला माणूसघाणी समजत होते. गर्विष्ठ बाई, असं मी तुझ्या आईबद्दल मनात धरून होते."

मी सॉरी म्हणाले. मला नाही, असं तिने हातानेच सांगितलं आणि ती आत गेली.

मी आईच्या अन्नाची लाज धरली होती, पण शेफला त्या अन्नाचा वाससुद्धा आला नव्हता. तिला आला होता तो रिकाम्या डब्याचा अर्थ. आईला लपवता लपवता मी तिला उद्धट ठरवून बसले होते, आणि तेही जिला आई मैत्रीण मानत होती अशा एका माणसासमोर. परतीच्या मेट्रोत मला बसायला जागा मिळाली, तरी मी उभी राहिले.

घरी आई डबे भरत होती. नऊ डबे ओट्यावर ओळीने उघडे होते आणि ती एकेकात उसळ घालत होती. बाबा अजून आले नव्हते. मी पिशवी ठेवली आणि पोळ्या मोजून द्यायला लागले, हे काम मी लहानपणापासून करते. तिने तीन डबे भरले, मग विचारलं.

"कुठे टाकायचीस?"

"मेट्रोच्या बाहेर. पेटीत."

"सगळं?"

"सांदणं खाल्ली. घावनं थोडी."

"कुठे बसून?"

"बाकावर."

"आणि बांगडा?"

मी मान हलवली. तिने चौथ्या डब्यात उसळ घातली, पळीने कडा निपटली.

"अन्नाचं जाऊ दे," ती म्हणाली. "अन्न काय, मी पण टाकलंय. पण ती काय म्हणाली ते तू येऊन सांगायचीस ना, ते मी तुझ्या बाबांना सांगायचे. गावी फोन करून तुझ्या मावशीला सांगायचे. आता मी त्यांना काय सांगू?"

मी पुढच्या डब्याच्या पोळ्या मोजून दिल्या. पाचवा डबा भरून ती जणू स्वतःशीच म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. खाणारं माणूस इतकं गोड बोलत नाही कधी. एकदा तरी मीठ कमी पडतं."

तिने त्या दिवशी मला रागावून घेतलं असतं तर मला रडता आलं असतं. नवव्या डब्याचं झाकण लावून तिने मला चहा ठेवायला सांगितलं.

रविवारी शेफने डबा माझ्याकडे दिला नाही. तो कुककडे दिला. कुक शारजातच राहतो, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, हे मला आत्ता कळलं, आणि किचनवाल्यांसाठीच्या बसने रोज येतो-जातो. डबा त्याच्याबरोबर आमच्या घरी जातो आणि त्याच्याबरोबर परत येतो. हे कुणी ठरवलं, मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी मी काउंटरवर असते तेव्हा तो मागच्या दाराने आत येतो आणि थोड्या वेळाने किचनमधून झाकण उघडल्याचा आवाज येतो, मग हसणं, मग कुकचं इंग्रजी. मी आत जात नाही. मला आत जायला कुणी मनाई केलेली नाही.

पहिल्याच डब्यात आईने पुन्हा बांगड्याचं तिखलं पाठवलं. शेफचा निरोप कुकने आणला, की चव बरोबर आहे पण आंबट फार झालं, आणि काट्याजवळ जरा कच्चं लागलं. मी हे घरी जाऊन सांगावं की नाही असा विचार करत संध्याकाळी पोहोचले, तर आईला ते आधीच कळलं होतं. ती बाबांना सांगत होती. "म्हणे आंबट जास्त झालं. बरोबर आहे तिचं. कोकम नवीन होतं, मी चार घातली." इतक्या आठवड्यांत मी आणलेल्या एकाही कौतुकावर ती अशी खुलली नव्हती. तिने त्याच आठवड्यात पुन्हा केलं आणि तीनच कोकमं घातली.

ते आता मेन्यूवर आहे. ओटमध्ये भाजलेला बांगडा आणि कोकमाची आंबट चटणी. त्याखालच्या दोन ओळी शेफने मला लिहायला सांगितल्या नाहीत, तिने स्वतः लिहिल्या, तिच्या तिरक्या अक्षरात, आणि टाइप करायला माझ्याकडे पाठवल्या. शारजातल्या एका घरची पद्धत, एवढंच लिहिलं होतं. मी एक अक्षर न बदलता टाइप केलं.

परवा सोमवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आईने घरी बांगडा केला. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी काटा काढला, रस्सा भाताला लावला, खाल्लं. खरंच चांगलं झालं होतं. आंबट बरोबर, मीठ बरोबर, मासा काट्यापर्यंत शिजलेला. आईने विचारलं, कसं झालंय.

"छान झालंय," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला. मग ती बाबांकडे वळली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कसं लागतंय?"